घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय?

दौंडला बहिणीकडे मुक्कामाला गेले की रेल्वेच्या शिट्ट्यांनी माझी झोपमोड होते. त्या रात्री मात्र जाग आली ती भाच्याच्या घोरण्याने. आठ वर्षांचं पोर, तोंड उघडं, उशी लाळेने भिजलेली. "ताई, ह्याचं रोजचंच आहे गं," बहीण म्हणाली. "अगं, खेळून दमलाय. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय," मी आपलं शहाणपण पाजळलं.

तिथेच चुकले. सर्दी नसताना मूल रोज घोरत असेल, तर त्याचा श्वास अडतोय का हे बघायला हवं. श्वास अडला की झोप मोडत राहते आणि सकाळी मूल मरगळलेलं, नाहीतर चिडचिडं. भाच्याच्या वहीत 'लक्ष नसते' असा शेरा यायचा आणि घरी त्याला बोलणी बसायची. असं वर्ष गेलं.

पुढचे दात बाहेर यायला लागले, तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. दातांच्या डॉक्टरांनी त्याला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकाच्या मागे अ‍ॅडेनॉइड म्हणून एक भाग असतो, तो वाढून वाट अडली होती. उपचार झाले, नाक मोकळं झालं. तरी तोंड उघडंच! इतक्या वर्षांची सवय, "तोंड मीट" म्हणून ओरडून का जाणार?

मग सुरू झाली मायोफंक्शनल थेरपी. नाव भारदस्त, पण ही जीभ, ओठ आणि गाल यांची तालीम. अमेरिकेतले दंतवैद्य आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ च्या सुमारासच चेहऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम सुचवले होते. तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकून असते, त्या आधाराने वरचा जबडा रुंद वाढतो. तोंड सतत उघडं राहिलं की जीभ खाली पडते, टाळू अरुंद होतो. काही मुलं गिळतानाही जीभ दातांवर ढकलतात. तान्ह्या बाळाचं तसं गिळणं स्वाभाविक, मोठेपणी ते राहिलं तर अडचण. अंगठा चोखणं चार वर्षांनंतरही सुटत नसेल, तर मुलाचे दात दाखवून घ्या. अंगठ्याला मिरची लावू नका, बायांनो!

व्यायाम साधे. 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते, तिथेच ठेवून ओठ मिटायचे आणि नाकाने श्वास घ्यायचा. टांग्याच्या घोड्यासारखं टॉक-टॉक करायचं. मोठं बटण पक्क्या दोऱ्यात ओवून ओठांच्या आत, दातांपुढे धरायचं. दोरा मोठ्या माणसाने हलके ओढायचा, मुलाने ओठांनी बटण सोडायचं नाही. कंटाळा मात्र फार. महिनोन्‌महिने रोज करायचं. बहीण कालनिर्णयवर फुल्या मारायची आणि मी शिरूरहून फोनवर विचारायची, "आज न म्हटलास का रे?" आता तो तोंड मिटून झोपतो. दातांना तार लावावी लागणारच आहे, ते व्यायामाने टळलं नाही.

खर्चाची धास्ती असेल तर एक लक्षात ठेवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं. त्या डॉक्टरांना घोरण्याचं आवर्जून सांगा, आपण नेमकं तेच सांगत नाही.

शिरूरच्या आमच्या बचत गटात हे बोलले, तर एकीने मोबाइल पुढे केला. रात्री तोंडाला चिकटपट्टी लावायचा व्हिडिओ! नाक बंद असलेल्या मुलाला हे करणं म्हणजे जिवाशी खेळ. तिला तिथल्या तिथे दटावलं. मग सगळ्याजणी 'न' म्हणत बसल्या, हसून हसून पुरेवाट.

"ताई, आमच्या ह्यांचं काय?" मागून प्रश्न आलाच. मोठ्यांनीही घोरण्याची तपासणी आधी करावी. जयपूरच्या डॉक्टरांनी झोपेत श्वास अडणाऱ्या ३० जणांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सहा महिने नेमाने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली. अभ्यास छोटा आहे, पण हे ऐकून ती खूश झाली.

"शंख आहे की देवघरात," ती म्हणाली, "पण ह्यांना फुंकायला लावायचं कुणी?"