शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने

कबड्डीतला चढाईपटू बोनस घेऊन मागे वळतो आणि त्याच क्षणी डाव्या कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरतो. पाऊल मॅटवर अडकलेलं, कंबर मध्यरेषेकडे फिरलेली, आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर. आतून ‘कट्’ असा आवाज अनेकांना स्पष्ट ऐकू येतो. काही तासांत गुडघा टम्म फुगतो, कारण आत रक्तस्राव झालेला असतो. काही आठवड्यांनी सूज उतरते, नीट चालता येतं. मग गडी पुन्हा मैदानात उतरतो आणि पहिल्याच वळणाला गुडघा सटकतो. एमआरआय होतो तेव्हा कळतं की लिगामेंट गेलं.

हे लिगामेंट बहुतेक वेळा एसीएल असतं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या ऐन मध्यात तिरकं बांधणारा, जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटरचा पट्टा. नडगीला पुढे सरकू न देणं आणि पाय रोवून अंग वळवताना पीळ आवरणं, ही त्याची कामं. सरळ चालताना त्याच्यावाचून फारसं अडत नाही, आणि फसगत होते ती इथेच. धक्का लागायलाच हवा असंही नाही. यातल्या बहुसंख्य दुखापती कोणाचाही स्पर्श न होता, उडी घेऊन उतरताना किंवा धावता धावता दिशा बदलताना होतात. मुलींना हा धोका मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो.

तुटलेलं एसीएल बहुतेकदा आपोआप नीट जुळत नाही. सांध्यातल्या द्रवामुळे तिथे रक्ताची गाठ टिकत नाही, त्यामुळे दोन टोकांना जोडणारा पूल तयार होत नाही. म्हणून सर्जन नवं लिगामेंट बांधतात. सगळ्यांनाच ते लागतं असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांची शस्त्रक्रिया लगेच केली, उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते. ज्याचा खेळच वळण्याचा आहे, त्याने सैल गुडघ्यावर खेळत राहिलं तर आतली मेनिस्कसची गादी फाटत जाते. अशा खेळाडूला शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो, पण सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर. घाईने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा आखडण्याची भीती असते.

नव्या लिगामेंटचं साहित्य खेळाडूच्याच शरीरातून येतं. नडगीच्या वरच्या भागाला आतल्या बाजूने छोटा छेद देऊन मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा कंडरा शोधतात, आणि टोकाला कडी असलेलं लांब अवजार त्यावरून वर सरकवत तो मोकळा करतात. हातात येते ती मोत्यासारखी पांढरी, चमकदार दोरी. बाजूच्या टेबलावर सहायक तिला चिकटलेला स्नायू खरवडून काढतो, टोकं दोऱ्याने विणतो, तिच्या चार पदरी घड्या घालतो आणि मोजपट्टीच्या भोकांतून ओढून जाडी बघतो. तरुण खेळाडूत ती आठ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. मग दोरी ताणावर ठेवतात आणि अनेक ठिकाणी प्रतिजैविकात भिजवलेल्या कापडात गुंडाळतात. तोवर दुर्बिणीतून दोन्ही हाडांत बोगदे पाडून झालेले असतात. ते जुन्या लिगामेंटच्या मूळ जागीच पडायला हवेत. काही मिलिमीटर चुकले तरी गुडघा वाकताना दोरी वाजवीपेक्षा ताणली जाते.

हॅमस्ट्रिंगऐवजी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडऱ्याची पट्टी दोन्ही टोकांच्या हाडासकट घेतली तर हाडाला हाड लवकर धरतं, पण पुढे गुडघे टेकताना दुखू शकतं. पैलवानाला ते परवडत नाही. हॅमस्ट्रिंग घेतला तर गुडघा खोल वाकवून खेचण्याची ताकद थोडी कमी होते. विशीतल्या, वळणाचा खेळ खेळणाऱ्या मुलांत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक जादा आधारपट्टी बसवावी, याला आता चांगला पुरावा आहे. १४ ते २५ वयाच्या सहाशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत नवं लिगामेंट तुटण्याचं प्रमाण त्यामुळे ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं.

शस्त्रक्रिया साधारण तास-दीड तासाची. आपल्याकडे सगळी चर्चा मात्र तिचीच होते: कोणता डॉक्टर, कोणता स्क्रू, किती खर्च. खरं काम पुढे आहे. बसवलेल्या कंडऱ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आधी त्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि सावकाश त्याचं लिगामेंट बनत जातं. पहिल्या काही महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. नेमकं त्याच काळात खेळाडूला बरं वाटू लागतं. सूज नाही, दुखणं नाही, पळता येतंय, आणि गावची स्पर्धा तोंडावर आलेली.

ओस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबवावं, त्यातल्या दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. सांगलीची क्रिकेटपटू स्मृती मानधना हिचं एसीएल जानेवारी २०१७ मध्ये फाटलं. जूनमध्ये तिने विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. जिद्द विलक्षण, पण हे वेळापत्रक कबड्डीच्या पोराने उचलू नये. क्रिकेटपटू ऋषभ पंतची दुखापत कितीतरी मोठी होती. डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर तो मार्च २०२४ मध्ये परतला, आणि त्याच्या दिमतीला सगळी यंत्रणा होती.

तालुक्याच्या मुलाकडे ती नसते. मंडळ वर्गणी काढून शस्त्रक्रियेचे पैसे उभे करतं, फिजिओसाठी कोणी वर्गणी काढत नाही. खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी मिळवायची तर स्पर्धेचं प्रमाणपत्र हवं, आणि वय थांबत नाही. अशा मुलाला ‘सहा महिने झाले, आता खेळ’ म्हणणं मला अन्याय वाटतो.

कॅलेंडरपेक्षा चाचणीवर भरवसा ठेवावा. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. त्याला जागं करणं आणि गुडघा पूर्ण सरळ करणं, हे पहिल्या आठवड्यापासूनचं काम. पुढे एका पायावर उडी मारून अंतर मोजायचं. दुखावलेल्या पायाची उडी आणि ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. ओस्लो-डेलावेअरच्या त्याच अभ्यासात या कसोट्या पूर्ण न करता खेळायला उतरलेल्यांपैकी ३८ टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला, पूर्ण करून उतरलेल्यांत सहा टक्क्यांहून कमी. उडी मोजायला लागतं काय, तर एक टेप आणि पट्टी मारलेली फरशी. मनातली भीतीही विचारून घ्यावी, कारण बिचकत वळणारा गडी पाय चुकीचा टाकतो.

आणि दुसरा गुडघा विसरू नये. पुढची दुखापत बऱ्याचदा त्यालाच होते. उडीनंतर गुडघे आत न पाडता उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद वाढवणं, असा पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित केला तर एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी होतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसलं आहे. त्याला मशीन लागत नाही. शाळेच्या पीटीच्या तासात तो बसतो, आणि मुलींच्या संघांपासून त्याची सुरुवात व्हायला हवी.