सॉलिड बॅटरीसाठी थांबायचं?

'आत्ता इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ नकोस यार, दोन वर्षांत सॉलिड स्टेट बॅटरी येतेय!' आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधला हा फंडा मी पहिल्यांदा ऐकला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून पेट्रोलवर किती घालवले, ते घरी सांगायची सोय नाही.

सगळा घोटाळा 'सॉलिड' या शब्दाचा. आपल्याकडे सॉलिड म्हणजे जबरदस्त. इथे अर्थ साधा आहे, घन. आजच्या लिथियम-आयन सेलमध्ये दोन टोकांच्या मध्ये पेट घेणारा द्रव असतो. त्याऐवजी घन पदार्थ आला, की आगीचं टेन्शन कमी आणि तेवढ्याच वजनात वीज जास्त. टोयोटाने २०२३ मध्ये यासाठी २०२७-२८ चं टार्गेट जाहीर केलं. पण ते मोटारींसाठी! आपल्या स्कूटरपर्यंत हे झिरपायला आणखी किती कॅन्टीनचे चहा लागतील, कोण जाणे.

मला जास्त भरवसा वाटतो तो एका बिनग्लॅमरच्या बॅटरीचा. तिचं नाव एलएफपी, म्हणजे लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट. टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतलं हे नव्वदच्या दशकातलं संशोधन. (त्यांना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. चाळिशीत रिटायर व्हायचे प्लॅन करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) यात महागडं कोबाल्ट नाही, निकेल नाही. फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे सेल तापला तरी आगीला खतपाणी सहजासहजी मिळत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पेटलेल्या स्कूटर्सचे व्हिडिओ पाहून माझ्या आईने जो धसका घेतलाय, त्यावर एवढा एकच मुद्दा चालला. बॅटरी जरा जड असते, पण टिकते जास्त. रोज ऑफिसला जाऊन यायला आणखी काय हवं?

पुढचा नंबर बहुतेक सोडियमचा, म्हणजे आपल्या मिठातल्या! पुण्यात केपीआयटीने 'आयसर'च्या साथीने केलेलं सोडियम-आयनचं काम डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सोडियमचा आयन लिथियमपेक्षा मोठा आणि जड, त्यामुळे किलोमागे वीज कमी. पण कच्चा माल स्वस्त आणि मुबलक.

तर गेल्या रविवारी मी शोरूम गाठलंच. मोठ्या ऐटीत विचारलं, 'यात सेल कोणता?'

सेल्समन म्हणाला, 'सर, सेल दिवाळीला असतो.'

मॅनेजरला बोलवावं लागलं. एलएफपी निघाला. बुकिंग करून आलो.