रेडिओ स्फोटांची घरं

सारथी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे 3 अब्ज प्रकाशवर्षांवर, एक बटू दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेत जेवढे तारे आहेत त्यांचा हजारावा हिस्सा तिच्यात असेल-नसेल. मोठ्या दुर्बिणीतूनही ती फिकट ठिपक्यासारखीच दिसते. 2017च्या जानेवारीत मात्र जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडी तीच होती. वेगवान रेडिओ स्फोट (एफआरबी) येतात तरी कुठून, हा प्रश्न तोवर दहा वर्षं सगळ्यांना छळत होता. त्यातल्या एका स्फोटाचा पहिला पक्का पत्ता मिळाला, तो या दीर्घिकेचा.

हे स्फोट काही मिलिसेकंद टिकतात. पापणी लवायला लागतो त्याच्याहीपेक्षा फार कमी वेळ. पण तेवढ्यात त्यांचा उगम जी ऊर्जा रेडिओ लहरींच्या रूपात फेकतो, ती बाहेर टाकायला आपल्या सूर्याला काही दिवस लागतील. सगळं आकाश धरलं तर असे शेकडो स्फोट रोज होत असावेत. आपण मात्र 2007 पर्यंत त्यांच्याबद्दल पूर्ण अनभिज्ञ होतो. त्या वर्षी डंकन लॉरिमर आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड नार्केविक ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या 64 मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या जुन्या नोंदी चाळत होते. 2001च्या जुलैमधल्या एका नोंदीत त्यांना 5 मिलिसेकंदांहून कमी टिकलेला एक प्रखर झोत सापडला. सहा वर्षं तो कुणाच्या नजरेलाच पडला नव्हता.

तो दूरवरून आलाय हे कळलं ते त्याच्या उशिरामुळे. अवकाशात सुटे इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. त्यांच्यातून जाताना कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी जास्त वारंवारतेच्या लहरींपेक्षा मागे पडतात. निघताना सगळ्या एकत्र निघाल्या, तरी पोहोचतात एकामागून एक. वाट जितकी लांब, तितके इलेक्ट्रॉन जास्त आणि तितका उशीर जास्त. लॉरिमर यांच्या झोतातला उशीर इतका होता की आपल्या आकाशगंगेतले त्या दिशेचे सगळे इलेक्ट्रॉन मोजूनही हिशेब जुळेना. तो बाहेरूनच आलेला असणार होता.

सगळ्यांना हे पटलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. पार्क्सलाच अगदी तसेच दिसणारे काही संकेत मिळत होते, पण ते दुपारच्या जेवणाच्या सुमारास जास्त यायचे! त्यांचा छडा 2015 मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी लावला. वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार वेळ संपायच्या आत कुणी उघडलं, की क्षणभर रेडिओ लहरी निसटायच्या. लॉरिमर यांचा स्फोट मात्र या चाळणीतून सहीसलामत बाहेर आला. विज्ञानात शंका कशी घ्यावी आणि ती कशी फेडावी, याचं इतकं चविष्ट उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

खरी अडचण पत्त्याची होती. पार्क्सच्या दुर्बिणीच्या एका झोताला आकाशाचा जो तुकडा दिसतो, तो पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण अर्ध्या रुंदीचा असतो. त्यात दीर्घिका असतात असंख्य. स्फोट त्यातल्या कुठल्या दीर्घिकेतला, हे सांगायला दूरदूर ठेवलेल्या अनेक अँटेनांनी एकाच वेळी तो टिपावा लागतो. आणि जो एकदाच, न सांगता येतो, त्याच्यासाठी अँटेना रोखून बसणार तरी कुठे? उगमाबद्दल तर्क मात्र भरमसाट झाले. एक काळ असा होता की सापडलेल्या स्फोटांपेक्षा त्यांच्यावरचे सिद्धांत जास्त होते.

मदतीला आला तो पुन्हापुन्हा येणारा स्फोट. प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने 2 नोव्हेंबर 2012 रोजी टिपलेला एफआरबी 121102 त्याच जागेवरून परत परत येतोय, हे 2016 मध्ये जाहीर झालं. एका फटक्यात बरेच सिद्धांत बाद झाले. ज्या स्फोटात मूळ ताराच नष्ट होतो, तो दुसऱ्यांदा कसा होणार? मग न्यू मेक्सिकोतल्या 27 अँटेनांच्या व्हीएलए दुर्बिणीने सहा महिन्यांत 83 तास त्या जागेवर नजर ठेवली आणि नऊ स्फोट पकडले. त्या जागेवर हवाईमधल्या जेमिनी दुर्बिणीने ती बटू दीर्घिका दाखवली. तिचं अंतर आणि स्वरूप सांगणाऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते श्रीहर्ष तेंडुलकर. तेव्हा ते कॅनडात होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

घर पाहिलं की घरातल्या माणसांबद्दल बरंच कळतं. या घरात पाळणा सतत हलता होता: दीर्घिका छोटी, जड मूलद्रव्यांची वानवा, पण नवे तारे जोमाने जन्मतायत. अशाच दीर्घिकांमध्ये अतितेजस्वी अतिनवतारे आणि दीर्घ गॅमा किरण स्फोट सापडतात. म्हणजे प्रचंड वस्तुमानाचे, अल्पायुषी तारे मरतात आणि मागे काहीतरी भयंकर ठेवून जातात, अशी ही जागा. ते भयंकर म्हणजे मॅग्नेटार असावा, असं बहुतेकांना वाटू लागलं. मॅग्नेटार हा न्यूट्रॉन ताराच. जेमतेम 20 किलोमीटर व्यासाचा, वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त आणि चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या कोट्यवधी कोटी पट. हे क्षेत्र काही हजार वर्षांत ओसरतं. म्हणून मॅग्नेटार तरुणच असायला हवा आणि तो तरुण ताऱ्यांच्या वस्तीतच सापडायला हवा.

गोष्ट इथे संपली असती तर फार सोयीचं झालं असतं. पण दुसरं घर सापडलं आणि ते पहिल्यासारखं अजिबात नव्हतं. 2019 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आस्कॅप दुर्बिणीने एकदाच आलेल्या एका स्फोटाचं घर शोधलं. एकट्या स्फोटाचा पत्ता लागण्याची ही पहिलीच वेळ. हे घर म्हणजे भलीमोठी, पोक्त दीर्घिका होती आणि स्फोट तिच्या केंद्रापासून सुमारे 13,000 प्रकाशवर्षांवर झाला होता.

त्यानंतर शर्मिष्ठेच्या दिशेची, 50 कोटी प्रकाशवर्षांवरची एक सर्पिल दीर्घिका पुढे आली. तिच्यातला एफआरबी 180916 शिस्तीचा पक्का आहे. दर 16.35 दिवसांनी काही दिवस जागा होतो, मग गप्प. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही त्याचे स्फोट टिपले आहेत. तेंडुलकर आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून त्याची जागा बारकाईने पाहिली, तेव्हा ती ताऱ्यांच्या जन्मस्थानात नव्हती, तिथून सुमारे 800 प्रकाशवर्षं बाजूला होती. न्यूट्रॉन तारे ज्या वेगाने सरकतात, त्या वेगाने तिथवर यायला 8 लाख ते 70 लाख वर्षं लागावीत. मॅग्नेटारच्या मानाने हे जख्ख म्हातारपण झालं. मग तिथे जोडताऱ्यातला न्यूट्रॉन तारा आहे का? 16 दिवसांचं चक्र त्या जोडीच्या प्रदक्षिणेचं आहे का? माझं मत तिकडे झुकतं. पण निकाल लागलेला नाही.

मॅग्नेटारच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्या अंगणातच मिळाला. 28 एप्रिल 2020 रोजी आकाशगंगेतल्याच एसजीआर 1935+2154 या मॅग्नेटारमधून रेडिओ स्फोट आला. कॅनडातल्या चाइम दुर्बिणीने तो टिपला आणि अमेरिकेतल्या स्टेअर-2 नावाच्या छोट्या अँटेनांनीही. यातली एकेक अँटेना म्हणजे सहा इंची धातूची नळी आणि तिच्याभोवती केक भाजायची दोन भांडी, अक्षरशः! कोट्यवधी डॉलरच्या यंत्रांच्या या शर्यतीत बेकरीतल्या भांड्यांनी मिळवलेलं हे यश मला फार आवडतं. हा स्फोट दूरच्या भाईबंदांपेक्षा दुबळा होता, पण मॅग्नेटार असं करू शकतात हे सिद्ध झालं.

आणि तरीही पुढची घरं ऐकेनात. सप्तर्षींच्या दिशेला, 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षांवर एम 81 ही देखणी दीर्घिका आहे. तिच्या गोलाकार तारकागुच्छांपैकी एकातून पुन्हापुन्हा स्फोट येतात, हे 2022 मध्ये पक्कं झालं. असे तारकागुच्छ अब्जावधी वर्षांचे असतात. तिथले मोठे तारे कधीच मरून गेले, त्यांच्यापासून झालेले मॅग्नेटारही थंडावले. पाळणा हलेनासा होऊन युगं लोटलेल्या या घरात तान्हं बाळ कुठून आलं? एक शक्यता अशी, की शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेणारा श्वेतबटू स्वतःच्या भारानेच कोसळतो आणि न्यूट्रॉन तारा होतो. दुसरी, की दोन श्वेतबटू किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून नवा तारा घडतो. दाट वस्तीच्या तारकागुच्छात अशा जोड्या जुळायला वाव असतो.

2024 मध्ये चाइमने ध्रुवमत्स्य तारकासमूहाच्या दिशेला आणखी टोकाचं उदाहरण शोधलं. एफआरबी 20240209ए हा सुमारे 2 अब्ज प्रकाशवर्षांवरच्या, 11.3 अब्ज वर्षं वयाच्या, तारे जन्माला घालणं थांबलेल्या दीर्घिकेच्या बाहेरच्या कडेवर आहे, केंद्रापासून 1,30,000 प्रकाशवर्षं दूर! तो कदाचित एखाद्या न दिसणाऱ्या तारकागुच्छात असेल. उलट, कॅलिफोर्नियातल्या डीएसए-110 दुर्बिणीने मिळवलेल्या 30 घरांच्या अभ्यासात कृती शर्मा आणि सहकाऱ्यांना 2024 मध्ये दिसलं ते वेगळंच: बहुतेक घरं नवे तारे घडवणारी, वजनदार आणि जड मूलद्रव्यांनी समृद्ध होती. पहिल्या बटू दीर्घिकेवरून सगळ्यांचा अंदाज बांधला असता, तर तो सपशेल चुकला असता.

या पत्त्यांचा एक उपयोग मात्र उगमाशी निगडित नाही. घर कळलं की अंतर कळतं, आणि अंतर कळलं की लहरींच्या उशिरावरून वाटेतलं द्रव्य मोजता येतं. विश्वातल्या साधारण द्रव्याचा मोठा भाग खगोलशास्त्रज्ञांच्या हिशेबात सापडत नव्हता. जाँ-पिएर मॅक्वार्ट आणि सहकाऱ्यांनी मे 2020 मध्ये मूठभर स्फोटांच्या आधारे दाखवून दिलं की ते दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत विरळ वायूच्या रूपात आहे. हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत मॅक्वार्ट वारले. उशीर आणि अंतर यांचं नातं आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

उगमाबद्दल माझा कौल असा: स्फोट घडवणारा बहुधा मॅग्नेटारच, पण मॅग्नेटार घडण्याच्या वाटा एकाहून जास्त. तरुण ताऱ्याचा मृत्यू ही त्यातली राजवाट असावी. बाकीच्या वाटा म्हाताऱ्या दीर्घिकांनी दाखवल्या. यावर कुणाला शंका असेल तर ती रास्तच आहे, कारण काही स्फोट परत परत येतात आणि बहुसंख्य एकदाच दिसतात, ते का, हे कोडं सुटलेलं नाही. ताजं उदाहरण 16 मार्च 2025चं. सप्तर्षींच्याच दिशेला, 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी 4141 या दीर्घिकेतून अत्यंत प्रखर स्फोट आला. चाइमच्या नव्या जोड-दुर्बिणींमुळे त्याची जागा सुमारे 45 प्रकाशवर्षांइतक्या बारकाईने ठरवता आली आणि जेम्स वेब दुर्बिणीला नेमक्या त्या जागी अवरक्त किरणांचा एक फिकट ठिपका दिसला. चाइमने आधीच्या वर्षांत त्या जागेकडे शेकडो तास पाहिलं होतं. त्या नोंदींमध्ये तिथला दुसरा एकही स्फोट सापडला नाही.