रंगाखालचं लोखंड

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं, असं आमच्याकडे सांगतात. गुजरातेकडे निघालेले मराठी घोडेस्वार म्हणे इथे थांबून ताज्या दमाची जनावरं घेत. खरंखोटं इतिहासकार जाणोत. माझ्या भाच्याला मात्र घोडा बदलणं परवडणारं नव्हतं. त्याचा घोडा म्हणजे २००३ सालची टाटा ४०७, दुसऱ्या हाताने घेतलेली. पैसे कमी पडले तेव्हा ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या.

२७ जुलै २०१९ च्या पहाटे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्याच पाण्यात, उल्हास नदीपासून फार लांब नसलेल्या एका मोकळ्या जागेत, ही गाडी हौद्यापर्यंत बुडून उभी होती. २००५ च्या २६ जुलैचा पूर पाहिलेली माणसं आम्ही. तरी दर वेळी वाटतं, यंदा इतकं येणार नाही.

पाणी ओसरल्यावर भाच्याने इंजिन उघडलं, ऑइल बदललं, सीट उन्हात टाकली. चासीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती खाली असते आणि खाली बघायला वाकावं लागतं. जानेवारी २०२० मध्ये गाडीखालच्या फरशीवर तांबूस डाग दिसू लागले. फेब्रुवारीत फिटनेसचं पासिंग होतं. भाच्याचा फोन आला, “मामा, रविवारी या. चासीला काळा मारून टाकू. दोन डब्यांचं काम आहे.”

काळा मारून टाकू, हे शब्द ऐकले आणि मला १९८८ साल आठवलं.

१९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लहान ट्रकमालकांना कर्ज देणं हे आमच्या कामाचाच भाग बनलं. गाडी तारण, म्हणून तिची तपासणी अधिकाऱ्याने जाऊन करायची. मी तेव्हा तिशीच्या आतला होतो. चासीवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरायचा, वरून आडवी पेन्सिल घासायची, आकडे उमटतात, तो कागद फाइलला लावायचा. यात मी वाकबगार होतो. त्या वर्षी पाहिलेली एक जुनी गाडी नव्या काळ्या रंगात लखलखत होती. मी नंबर घासून घेतला आणि लिहिलं, ‘वाहनाची स्थिती : समाधानकारक.’ पाच महिन्यांनी भरल्या गाडीची चासी घाटात मागच्या कमानीच्या वर दुभंगली. क्लीनर पोरगा होता, त्याचा एक पाय गेला. चौकशीत माझा कागद निर्दोष ठरला. आकडे बरोबर होते. या गोष्टीवर मी कादंबरी लिहायला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा उठलो.

तर रविवारी गेलो. एकटा नाही, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधले एक सिंधी मिस्त्री ओळखीचे होते, सत्तरी ओलांडलेले, त्यांना बरोबर नेलं. फाळणीनंतर लष्कराच्या मोकळ्या पडलेल्या छावणीत निर्वासित येऊन राहिले, त्यातून ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर नावाचं शहर झालं. नकली मालावर ‘मेड इन यूएसए’ छापून त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ सांगणारा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. त्या विनोदात मोडक्या वस्तू पुन्हा चालत्या करणारे हात मात्र येत नाहीत.

मिस्त्रींनी रंगाचे डबे बाजूला ठेवायला लावले. “कलर आखरी दिन, साब. पहले सुनो.” त्यांनी लहान हातोडी काढली आणि चासीवर वीतभर अंतराने ठोकत निघाले. बाजारात आपण माठ वाजवून घेतो, तसंच. निरोगी लोखंड टणकन बोलतं. सडलेलं बद्द वाजतं.

त्याआधी गाडी सपाट फरशीवर, चाकांना पुढेमागे दगड, खाली जाड लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे मिस्त्रींनी दोनदा बजावलं. तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा. जुन्या रंगांत शिसंही असू शकतं. मग पाण्याचा जोरदार फवारा. चासीच्या दोन लांब पट्ट्या पन्हळीसारख्या असतात. पुराचा गाळ त्या पन्हळींत सहा महिने ओला बसून होता. निदान घमेलंभर निघाला. गंजाची गोम अशी की लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांतून तो बनतो आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात, पापुद्र्यांत पुन्हा पाणी मुरतं, आणि खालचं ताजं लोखंड कामाला लागतं. दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेटने जोडलेल्या असतील, तर मधला गंज त्या जाड पट्ट्यांनाही फुगवून बाहेर ढकलतो. मासळीचं बर्फ किंवा मीठ वाहणाऱ्या गाड्या याला सर्वांत आधी बळी पडतात.

छिन्नी, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर, सगळं चाललं. फक्त चासी नंबराच्या जागेवर मी ग्राइंडर येऊ दिला नाही. तिथे हाताने, मऊ ब्रशने आणि रॉकेलने. नंबर घासला गेला तर आरटीओचे खेटे घालून तो नव्याने ठोकून घ्यावा लागतो. माझ्या नोकरीतली तेवढी एक विद्या उपयोगी पडली. पेन्सिलीने ठसाही घेऊन ठेवला.

खोल खड्ड्यांतला उरलेला गंज ब्रशला दाद देत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्लाचं औषध लावलं. तांबूस डाग काळपट होत गेले. लोखंडावर फॉस्फेटचा थर बसतो तो हा. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याचंही गुपित त्या लोखंडातल्या जादा फॉस्फरसमध्ये आहे, असं आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमणियम यांनी दाखवलं. अंबरनाथकरांना हे मूलद्रव्य परकं नाही. विमकोच्या आगपेटीच्या कडेला जो लाल पट्टा असे, त्यातही तेच.

डाव्या बाजूला, केबिनच्या मागे, हातोडी बद्द वाजली. छिन्नी लावली तर आधी काळा रंग निघाला, मग राखाडी लांबी, मग पुन्हा लांबी, आणि मग छिन्नी आरपार गेली. आधीच्या मालकाने भोक बुजवून वर रंग मारला होता. दोन बोटं जाईल एवढं भोक.

भाचा बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, “मामा, पुन्हा लांबी भरू. पासिंग होऊन जाईल. सीझन संपला की करतो.” बाटलीबंद पाण्याच्या फेऱ्यांचं उन्हाळ्याचं काम त्याला मिळणार होतं, आणि पासिंगला दहा दिवस होते. मी नाही म्हटलं. तो चिडला. “तुम्हाला पेन्शन आहे,” म्हणाला. खोटं नव्हतं. मी ताईकडे पाहिलं. चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी होती, हातात काचेच्या बांगड्या. तेव्हा मी १९८८ ची गोष्ट घरात पहिल्यांदा सांगितली. ताईने ट्रे खाली ठेवला आणि मुलाला म्हणाली, “गाडी उचल. मामा सांगतो तिथे ने.”

अशा कामाला घरचं अंगण पुरत नाही. चासीचंच काम करणाऱ्या एका कारखान्यात गाडी नेली. बॅटरीच्या तारा सोडवल्या, सडलेला भाग कापला, तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडून आतून आधाराची पट्टी रिव्हेटने बसवली. पन्हळीच्या वरच्या-खालच्या दुमडीला त्यांनी भोक पाडलं नाही. सगळा ताण तिथेच असतो.

रंगकाम पुन्हा घरीच. जानेवारीत बदलापूरला सकाळी गारठा असतो आणि लोखंडावर दव. म्हणून अकरानंतर हात लावायचा आणि ऊन कलायच्या आत थांबायचं. आधी रिव्हेटची डोकी आणि कडा, कारण धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो, मग बाकीचं. रेड ऑक्साइडचे दोन पातळ हात. गंमत अशी, की या रंगाचा तांबडेपणा म्हणजे लोहाचं ऑक्साइडच, अंगणात सारवतो त्या गेरूच्या जातीचं. पण नुसत्या रेड ऑक्साइडवर पावसाळा काढू नये. त्यातून ओल जाते. त्यावर काळ्या इनॅमलचे दोन हात दिले. पुष्कळ ड्रायव्हर पावसाआधी चासीला जळकं ऑइल फासतात. थोडा उपयोग होतो, पण त्यावर धूळ चिकटते, रबरी बुश फुगतात. मला ते पटत नाही. मिस्त्रींना पटतं.

पासिंगची तारीख बारा दिवसांनी हुकली. फिटनेसशिवाय गाडी रस्त्यावर काढता येईना, पाण्याच्या फेऱ्या दुसऱ्याला गेल्या. भाचा महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलला. मार्चच्या सुरुवातीला सर्टिफिकेट हातात पडलं, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर सगळंच बंद झालं. त्या टाळेबंदीत भाजी वाहायला परवानगी होती. पहाटे तीनला उठून तो भाजी आणायचा. पाटल्या सुटायला मात्र २०२२ ची दिवाळी उजाडली.

आता दर मे महिन्यात मी बदलापूरला जातो. भाचा सतरंजी अंथरतो, बॅटरी धरतो आणि हातोडी माझ्याकडे देतो. गुडघे कुरकुरतात, पण मी आत सरकतो आणि वीतभर अंतराने ठोकत जातो. डाव्या बाजूच्या जोडापाशी आलो की आम्ही दोघंही बोलायचं थांबतो.

“टण्ण.”

“चला मामा, पुढे,” भाचा म्हणतो.