दिव्याची साक्ष आणि कारागिराची पत

अंधेरीचे सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालासाठी सुरू झाले. पुढे तेथे हिऱ्यांचे दागिने घडविणारे कारखानेही उभे राहिले. तेथे कारागिराच्या चिमट्यात असलेला एखादा खडा त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराहून मोलाचा असतो. म्हणूनच ‘खडा बदलला’ हा आळ त्याला देशोधडीस लावू शकतो. असा आळ घेताना जंबुपार दिवा पुढे केला जातो, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा त्या दिव्याची साक्ष कितपत खरी, हे सर्वांनीच समजून घेतले पाहिजे.

जंबुपार, म्हणजे ज्यांना आज अतिनील म्हणतात, ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काही खडे ते शोषून घेतात आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. खड्याचा मूळ रंग पालटत नाही. दिवा विझला की तो पूर्ववत दिसतो. इंग्लंडातील स्टोक्स यांनी १८५२ साली या प्रकाराची मीमांसा केली. आपल्याकडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी बंगलोर येथे हिऱ्यांच्या या दीप्तीचा अभ्यास केला.

माणकातील क्रोमियममुळे ते निखाऱ्यासारखे लाल दिसते. पण त्यात लोह अधिक असले तर तेज मंदावते. भट्टीत बनविलेले माणिकही असेच, किंबहुना अधिक प्रखर प्रकाशते. म्हणजे जे प्रकाशते ते अस्सल, असे म्हणता येत नाही.

हिऱ्यांचे तर विचारूच नका. खाणीतल्या हिऱ्यांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्साच या दिव्याखाली प्रकाशतो, आणि तोही बहुधा निळा. एकाच अंगठीतले दोन हिरे निळे दिसले आणि तिसरा काळोखात राहिला, तर तो बदललेला आहे असे ठरत नाही. उलट सगळेच खडे एकसारखे प्रकाशले, तर मात्र अधिक तपास करावा. दिवा विझल्यावरही काही क्षण प्रकाशत राहणारा बिनरंगी हिरा प्रयोगशाळेत घडविलेला असण्याचा संभव असतो. पण तेही भिंगाने आणि यंत्राने पडताळावे लागते.

यावर उपाय साधा आहे. माल हाती देतानाच प्रत्येक मोलाच्या खड्याचे वजन आणि दिव्याखालचे तेज चिठ्ठीवर लिहावे, आणि दोघांनी सह्या कराव्यात. परत घेताना तोच दिवा, तोच अंधार आणि तीच चिठ्ठी असावी. दिवा पाहणाऱ्याला डोळ्यांचे संरक्षण द्यावे, कारण हे किरण डोळ्यांना अपाय करतात.

दिवा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोणाची भाकरी हिरावली जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.