टायमर कोणाच्या हातात?

लिनक्सवर प्रोग्रामला दहा मिलिसेकंद थांबायचं असेल, तर तो स्लीप कॉल करतो. पुढचं कर्नल बघून घेतं. एसईएल४ या मायक्रोकर्नलमध्ये तसा कॉलच नाही. शेड्युलिंगसाठी एक टायमर कर्नल स्वतःकडे ठेवतं. बाकीचे टायमर युजर लेव्हलच्या टास्कनेच चालवायचे, तेही त्यांची कॅपेबिलिटी, म्हणजे वापरायचा हक्क, हाती असेल तरच.

झिंक-७००० चिपचं उदाहरण घेऊ. तिच्यातल्या पहिल्या टीटीसी टायमरमध्ये १६ बिटांचे तीन काउंटर आहेत. त्यांची रजिस्टर्स एफ८००१००० या पत्त्यापासून सुरू होतात.

पहिलं काम रजिस्टरपर्यंत पोचण्याचं. बूट होताना कर्नल उपकरणांचे पत्ते 'अनटाइप्ड' कॅपेबिलिटींच्या रूपात रूट टास्कच्या, म्हणजे सगळ्यात आधी सुरू होणाऱ्या टास्कच्या, हवाली करतं. त्यांतून हव्या त्या पत्त्याची ४ केबीची फ्रेम तयार करायची आणि ती टास्कच्या ॲड्रेस स्पेसमध्ये, कॅश बंद ठेवून, मॅप करायची. मग रजिस्टरमध्ये लिहायला सिस्टिम कॉल लागत नाही.

दुसरं काम इंटरप्टचं, आणि त्याचा हक्क वेगळा. पहिल्या काउंटरचा इंटरप्ट क्रमांक ४२. रूट टास्ककडच्या आयआरक्यू कंट्रोलकडून त्याची हँडलर कॅपेबिलिटी घ्यायची आणि ती नोटिफिकेशनला जोडायची. टास्क त्या नोटिफिकेशनवर वाट बघत थांबतो. इंटरप्ट आला की कर्नल ती लाइन मास्क करतं आणि टास्कला जागं करतं.

जागं झाल्यावर क्रम चुकवायचा नाही. आधी टीटीसीचं इंटरप्ट रजिस्टर वाचायचं. वाचताच ते साफ होतं. मगच हँडलरला ॲक द्यायचा. आधी ॲक दिला, तर मास्क निघतो, पण टायमरची लाइन अजून वरच असते. तोच इंटरप्ट लगेच पुन्हा येतो.

आता तीन टास्कना एकेक काउंटर वाटून द्यावा म्हटलं, तर इंटरप्ट वेगळे काढता येतात, रजिस्टर्स नाहीत. तिन्ही काउंटरांची रजिस्टर्स एकाच पानात, एकमेकांत मिसळून आहेत आणि मॅपिंग पानापेक्षा लहान होत नाही. ते पान ज्याला मिळेल, तो दुसऱ्याचा काउंटरही थांबवू शकतो.

म्हणून पान आणि इंटरप्ट दोन्ही एकाच टायमर सर्व्हरकडे ठेवतात. इतरांना फक्त त्याच्या एंडपॉइंटची कॅपेबिलिटी मिळते. ते 'इतक्या वेळाने उठव' असा निरोप पाठवतात. सर्व्हर मुदती क्रमाने लावून सगळ्यात जवळच्या मुदतीसाठी काउंटर लावतो. निरोपाच्या या फेरीत थोडा वेळ जातो, पण बिघडलेल्या टास्कला दुसऱ्याच्या वेळापत्रकात थेट हात घालता येत नाही.