दोन दारांची हौस आणि सहा माणसांचे घर

दिवाळीनंतरच्या एका सायंकाळी कापड बाजारातील एका स्नेह्यांचे बोलावणे आले. ३४ वर्षे बँकेत काढल्यामुळे असे बोलावणे आले की कर्जाचा, नाहीतर वाटणीचा विषय असणार, असे मी गृहीत धरतो. या वेळी विषय मोटारीचा होता. त्यांच्या चोवीस वर्षांच्या मुलास ‘स्पोर्टी कूपे’ हवी होती. वडिलांचा विरोध होता, आई गप्प होती आणि आजीचा प्रश्न एवढाच होता की, त्यात मला बसता येईल का? मुलाने मला सांगितले, ‘‘काका, आकडे तुम्ही मांडा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा बोलणार नाही.’’ एवढा विश्वास टाकल्यावर घाईने उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. त्या निमित्ताने जे पाहिले आणि जी आकडेमोड केली, ती आपल्या व्यापारी घरांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहे.

‘कूपे’ हा शब्द फ्रेंच. अर्थ ‘कापलेला’. मूळची मोठी घोडागाडी कापून दोघांपुरती केली, तिला हे नाव पडले. दोन दारे, उतरते छत आणि मागे नावापुरती जागा, ही खरी कूपे. सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात अशी गाडी देण्याचा एक प्रयत्न गोव्यात झाला होता. सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही फायबरच्या अंगाची, दोन दारांची छोटी गाडी होती. तिला रेनॉचे ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. ती फारशी खपली नाही. आपल्याकडे गाडी घर विकत घेते, एकटा माणूस नव्हे, हे त्यामागचे साधे कारण असावे असे मला वाटते.

आज दहा-बारा लाखांत दोन दारांची नवी कूपे बाजारात नाही. जे मिळते त्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे कूपेसारखे उतरते छत असलेल्या, पण चार दारांच्या उंच गाड्या. टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट या दोन्ही २०२४ मध्ये आल्या. दुसरा प्रकार म्हणजे साध्या हॅचबॅकमध्ये टर्बो इंजिन बसवून केलेल्या चपळ गाड्या. त्यांत ह्युंदाई आय-२० एन लाइन २०२१ ची आणि टाटा अल्ट्रोझ रेसर २०२४ ची. दोन्हींची ताकद १२० पीएसच्या घरात आहे.

या जातीची सर्वांत गाजलेली गाडी आपल्याच वाटेवर तयार होत असे, हे अनेकांना ठाऊक नसेल. नगरहून पुण्याला खरेदीस जाताना रांजणगावचा गणपती आणि औद्योगिक वसाहत आपण वर्षानुवर्षे पाहतो. तेथील फियाटच्या कारखान्यातून २०१५ मध्ये ‘अबार्थ पुंटो’ बाहेर पडली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत दिल्लीत शोरूमबाहेर पडण्यापूर्वी ९ लाख ९५ हजार. शंभरचा वेग ती नऊ सेकंदांच्या आत गाठते असा कंपनीचा दावा होता. पुढे २०१९ मध्ये फियाटने येथील मोटारींचे उत्पादनच थांबविले. आमच्या या तरुणाच्या मोबाइलमध्ये पहिले छायाचित्र याच गाडीचे होते, जुन्या बाजारातले. मी त्यास एकच विचारले, ‘‘ज्या मालाचा पुरवठादार दुकान बंद करून गेला, तो माल तू पेढीसाठी भरशील का?’’ गाडी उत्तम असेल. पण सुट्या भागांसाठी ओळखीचा मेस्त्री आणि हाताशी दुसरी गाडी असल्याखेरीज तिच्या वाटेस जाऊ नये. जुन्या गाडीची नोंदणीची १५ वर्षे कधी संपतात, हेही आधी पाहावे.

आता नव्या गाड्यांचा हिशोब. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे गणित बदलले आहे. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर १८ टक्के. त्यापलीकडे ४० टक्के. अल्ट्रोझ रेसर आणि आय-२० एन लाइन पहिल्या गटात येतात. कर्व्ह आणि बसाल्ट यांची लांबी ४.३ मीटरच्या पुढे आहे, म्हणून त्या दुसऱ्या गटात. करापूर्वीची किंमत सात लाख धरली तर पहिली गाडी ८ लाख २६ हजारांस पडते आणि दुसरी ९ लाख ८० हजारांस. दीड लाखांहून अधिक फरक केवळ लांबीपायी पडतो.

‘‘फर्मच्या नावावर घेऊ, जीएसटी परत मिळेल,’’ असे मुलाचे म्हणणे होते. हा गैरसमज आपल्या बाजारात फार आहे. माल किंवा किराणा विकणाऱ्या पेढीस अशा प्रवासी मोटारीवरील कराचे क्रेडिट मिळत नाही. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. घरगुती वापराचा भाग अधिकारी वगळू शकतात. शिवाय पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात रस्ता कर किंमतीनुसार ११ ते १३ टक्के पडतो, कंपनीच्या नावावर २० टक्के. किंमत १० लाखांवर गेली की १ टक्का टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण विसरणारेही पुष्कळ पाहिले आहेत.

कर्जाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझे आयुष्य त्यातच गेले. समजा १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतले. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे २०,७५८ रुपये बसतो आणि एकूण व्याज २ लाख ४५ हजार. सात वर्षांसाठी हप्ता १६,०८९ वर येतो, पण व्याज साडेतीन लाखांच्या वर जाते. काउंटरवर सांगताना हप्ताच सांगितला जातो, व्याज सांगितले जात नाही. आणि ९ टक्के ‘फ्लॅट’ कोणी म्हणाले तर सावध व्हावे. त्याच रकमेचा पाच वर्षांचा हप्ता मग २४,१६७ होतो आणि व्याज साडेचार लाख. सेवेत असताना मी अनेक शिकलेल्या माणसांना येथे फसताना पाहिले आहे. उधारीचा दर पैशात मोजणारे आपले लोक गाडीच्या बाबतीत मात्र रंग पाहून सही करतात!

आता प्रत्यक्ष वापर. अतिवेगाची खरी चाचणी जेथे होते, ती व्हीआरडीई संस्था आपल्याच नगरमध्ये आहे. मोटार वाहन नियमांनुसार वाहने तपासणाऱ्या मान्य संस्थांत तिचे नाव आहे. तेथील चाचणीमार्ग मात्र आपल्यासाठी नाहीत. आपल्या वाट्यास नगर-मनमाड रस्ता आहे, आणि त्याची ख्याती येथे वेगळी सांगण्याची गरज नाही. तेव्हा १२० पीएसपेक्षा जमिनीपासूनची उंची महत्त्वाची ठरते. कर्व्हची ती २०८ मिमी आहे, बसाल्टची १८०. हॅचबॅक त्यापेक्षा खालीच. सामानाची जागा कर्व्हला ५०० लिटर, बसाल्टला ४७०, अल्ट्रोझला ३४५. भारत एनकॅपच्या चाचणीत कर्व्हला पाच तारे मिळाले, बसाल्टला चार. चोवीस वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देताना हे तारे मी अश्वशक्तीच्या वरच्या ओळीत लिहितो.

उतरत्या छताची किंमत मागे बसणारा मोजतो. आत शिरताना मान वाकवावी लागते, मागच्या काचेतून दिसते कमी. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या आजींना फार खाली असलेली सीट त्रासाची आणि फार उंच पायरीही त्रासाची. अल्ट्रोझची दारे ९० अंशांत उघडतात, ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. आमच्या घरांत ती ठळक असायला हवी.

आणखी एक प्रश्न आपणच विचारायचा असतो, इतर सहसा विचारत नाहीत. सीट आणि स्टिअरिंगचे आवरण खऱ्या चामड्याचे आहे की कृत्रिम? वरच्या श्रेणीत स्टिअरिंग वा गिअरच्या मुठीवर चामडे असू शकते. विक्रेता ‘लेदर’ आणि ‘लेदरेट’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. उत्तर लेखी घ्यावे, आणि खात्री होत नसेल तर कापडी सीटची श्रेणी घ्यावी. ती स्वस्तही असते आणि उन्हाळ्यात बरी.

मी मुलास ‘नाही’ म्हणालो नाही. या वयातील हौस दडपली की ती पुढे अधिक महाग होऊन परत येते, हे मी कर्जखात्यांत पाहिले आहे. जुन्या अबार्थचा नाद सोडावा, गाडी स्वतःच्या नावावर घ्यावी, निम्मी रक्कम रोख भरावी आणि उरलेले कर्ज तीन वर्षांत फेडावे, हप्ता त्याच्या पगारातून. यादीत त्याने आता रेसर आणि कर्व्ह अशा दोनच गाड्या ठेवल्या आहेत. वडिलांनी अद्याप होकार दिलेला नाही, पण हिशोबाचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, हे मी पाहिले.

टोकन अजून दिलेले नाही. येत्या रविवारी दोन्ही गाड्यांची फेरी ठरली आहे, करंजी घाटापर्यंत. मागच्या सीटवर आजी बसणार आहेत.